उंबरपाण्याचा रविवार

भुसावळ,
दि. २३ जून २०२५

ती. सुंदरअक्कास,
अमृतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. फोनवर तुला नुसती भुणभुण ऐकू येते आणि मला फक्त तुझं ओरडणं, त्यापेक्षा हे बरं. शाळा सोडून सोळा वर्षं झाली तरी तुझं अक्षर अजून फळ्यावरचंच आहे. पत्र आबांच्या रीतीप्रमाणे जेवताना मोठ्याने वाचलं गेलं. पाकिटावर नाव कुणाचंही असो, ज्याच्या हाती पडेल त्याने फोडायचं आणि घरभर ऐकवायचं, ही रीत आमच्या दिपमालाने लग्नाला दोनच वर्षं झाली असताना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त मनावर घेतली आहे. माझ्या पोटाच्या घेराबद्दल तू लिहिलेली ओळ तिने दोनदा वाचली. किरण ताट सोडून हसत होता. बायकोपुढे बापाची फजिती झाली की त्या पोराला जेवण गोड लागतं.

आता आमच्या रविवार मंडळाची खबर. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालो तेव्हा आम्ही चौघे म्हातारे गल्लीजवळच्या बागेत फेऱ्या मारत होतो. त्या बागेत झोपाळ्याला साखळी आहे तर पाटी नाही, पाटी आहे तर साखळी नाही. मग शालिग्राम म्हणाला, गाडी करून बाहेर जाऊ. आज आठ वर्षांनी आम्ही बावीस-तेवीस जण आहोत आणि त्यात बायका निम्म्याहून जास्त. काल हतनूरच्या धरणावर पक्षी बघायला गेलो. पक्षी कमी आणि पोहे जास्त झाले. त्याआधी मेहरूणच्या तलावाभोवती चाललो.

किरणला दीपनगरच्या ड्यूटीतून रविवार मोकळा मिळाला की तोही येतो. तो आमचं शेपूट. मी सगळ्यांच्या पुढे आणि तो सगळ्यांच्या मागे, हातात पोतं घेऊन. लोकांनी टाकलेले वेफर्सचे कागद, बाटल्या गोळा करत येतो. गाडीच्या दाराशी उभं राहून डोकी मोजायचं काम माझं. आठ वर्षांत माझी मोजणी एकदाही चुकलेली नाही. शालिग्राम म्हणतो, अमृतभाऊ यमाच्या दारातही आधी डोकी मोजतील.

जुलैत सातपुड्यात उंबरपाण्याचा धबधबा ठरला आहे आणि ऑगस्टात तुझा सोनगीरचा किल्ला. तुला खाटेवरून दिसेल असे वर उभे राहून आम्ही तेवीस जण हात हलवू. खुब्याचं हाड सांभाळ. प्रेमराजला आशीर्वाद.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
अमृत


सोनगीर,
दि. २ जुलै २०२५

चि. अमृत यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून करमणूक झाली. ज्या किल्ल्यावर आपण शेळ्या हाकलायला जायचो, त्याच्यावर तू आता लोकांना गाडीभाडं भरून आणणार. वर काय आहे? आबांनी सांगितलेली विहीर आहे, वारा आहे आणि निवडुंग आहे. पण या, जरूर या. प्रेमराज म्हणतो, तेवीस माणसांची भाकरी आणि वांग्याचं भरीत आपण करू. मी खाटेवर बसून हुकूम सोडीन. तेवढं काम डॉक्टरांनी बंद केलेलं नाही.

माझं हाड जुळतं आहे, पण चार पावलांपुढे जाता येत नाही. प्रेमराज धरतो तेव्हा न्हाणीपर्यंत जाते. पाकिटावर पत्ता घालणं, पोस्टात टाकणं सगळं तोच करतो. म्हातारपणी मुलगा जवळ आहे, यापेक्षा जास्त काय मागायचं?

एक काळजीचं लिहिते. पावसाळ्यात सातपुड्यातल्या नाल्यांचा भरवसा नसतो. इथे ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस होऊन लोंढा येतो. तुला हे माहीत आहे, तरी मोठी बहीण म्हणून बोलायचा हक्क बजावते. बायकामाणसं सोबत आहेत. धबधबा लांबून बघा, खाली उतरू नका. किरणला सांग, कागद दोन कमी उचलले तरी चालतील. त्याची आई गेली तेव्हापासून तो पोरगा तुझी सावली झाला आहे, आणि सावली नेहमी मागे राहते.

दिपमाला, तू हे वाचत असशील तर सासऱ्याचा भात कमी कर.

तुम्ही सगळे सुखरूप असलात की मला पोचलं.

तुझी,
अक्का


भुसावळ,
दि. ४ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
अमृतचा नमस्कार.

प्रेमराज दोन दिवस राहून गेला, त्याने तुला सगळं सांगितलं असेलच. तरी तू माझ्या हातचं पत्र मागितलंस म्हणून लिहितो. वीस जुलैच्या रविवारी किरण गेला. गेला असं लोक म्हणतात. अजून काही सापडलेलं नाही, म्हणून मी तसं म्हणत नाही.

आम्ही धबधबा लांबूनच बघितला. दुपारी आभाळ अंधारून आलं तेव्हा मी सगळ्यांना परत फिरवलं. गाडीकडे येताना एक नाला लागतो, जाताना त्याला घोट्याएवढं पाणी होतं. आम्ही अलीकडे आलो. किरण पोतं घेऊन मागे होता. तुम्ही पुढे जा, असं त्यानेच सांगितलं होतं. पलीकडून पायवाटेने वनाच्या पाड्यावर येतो, तिथे मला घ्या, असं म्हणाला होता. वना म्हणजे आमचा वाटाड्या, त्याचा पाडा गाडीच्या रस्त्याने चाळीस मिनिटांवर आहे. आम्ही पाड्यावर तासभर थांबलो. तो आला नाही. परत गेलो तेव्हा नाला दोन्ही काठांवरून वाहत होता. पलीकडे उंबराच्या फांदीला पोतं नीट गाठ मारून टांगलेलं होतं. तो नव्हता.

पंधरा दिवस मी रोज सकाळच्या बसने जातो आणि संध्याकाळी येतो. पाड्यावरच्या माणसांनी डोह ढवळले, पोलिसांनी पोहणारे आणले. आठव्या दिवशी तीन कोसांवर उजव्या पायाचा बूट मिळाला. मी काठाकाठाने चालतो, दिसेल त्याला विचारतो. वना आता मला बघून आपल्या झोपडीत शिरतो.

घरात दिपमाला रडत नाही अक्का, चिडते. किरणवर चिडते. सगळे मुकाट्याने गाडीत बसले, यालाच वेगळी वाट कशाला हवी होती, असं म्हणते. पंधरा कागद उचलले नसते तर जंगल बुडालं असतं का, असं त्याच्या फोटोला विचारते. फोटोपुढे दिवा लावू देत नाही. ज्याला माझ्यापेक्षा कचरा महत्त्वाचा वाटला त्याला दिवा कशाला, असं काल शेजारणीला म्हणाली. मी आतल्या खोलीत ऐकत होतो.

आठवण ठेव.

तुझा,
अमृत


सोनगीर,
दि. १२ ऑगस्ट २०२५

चि. अमृत यास,
अक्काचे आशीर्वाद.

काय लिहू? दोन कागद फाडले. मला पाय असते तर त्याच दिवशी आले असते. खाटेवर पडून किल्ल्याकडे बघते आणि तुम्ही येणार होतात ते आठवतं.

पण कोणीतरी कडू बोललंच पाहिजे. पोराला असा मधल्यामधे ठेवू नकोस. शेजारच्या गुरुजींना विचारलं. देह मिळाला नाही तर पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग दहावं-तेरावं करतात. पितृपक्षाच्या आत करून घे म्हणाले. तू रोज सातपुड्यात जातोच आहेस, पानं तिथली आण. त्या पोरीलाही काय झालं ते एकदा कळू दे. कपाळाला कुंकू लावावं की नाही, हे तिने कुणाला विचारायचं?

आणि अमृत, एक गोष्ट मला समजत नाही. रागावू नकोस. डोकी मोजल्याशिवाय गाडी न हलवणारा तू, वर आभाळ फाटलेलं असताना पोटच्या पोराला एकट्याने पायवाटेने कसा येऊ दिलास? तो म्हणाला आणि तू ऐकलंस, हे माझ्या मनाला पटत नाही. तू त्याला शाळेच्या सहलीलाही सोडत नव्हतास.

जेवत जा. तुझी खुशाली दोन ओळींत का होईना कळव.

तुझी,
अक्का


भुसावळ,
दि. २५ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
अमृतचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीने वाच. प्रेमराजलाही देऊ नकोस. मी स्वतः पोस्टात टाकतो आहे. उत्तर शालिग्रामच्या पत्त्यावर पाठव, पत्ता खाली लिहिला आहे. घरी आलं तर दिपमाला फोडेल.

तुझं बरोबर आहे. किरणने मला काहीही सांगितलं नव्हतं.

पाऊस कोसळत होता. मी दाराशी उभा राहून डोकी मोजली. तेवीस भरली. चला म्हणालो. मागच्या बाकावर वना डोक्यावरून प्लॅस्टिक घेऊन बसला होता, पाड्यापर्यंत सोडा म्हणून. त्याला मी किरण म्हणून मोजलं. बाकीचे चिंब भिजलेले, डुलक्या घेत होते. कुणी बघितलं नाही, कारण आठ वर्षांत कुणाला बघायची वेळच आली नव्हती.

पाड्यावर वना उतरला आणि मागचं बाक रिकामं झालं. तेव्हा कळलं. इथपर्यंत चूक होती अक्का, आणि चूक कुणाचीही होते. पण सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. शालिग्रामने विचारलं, भाऊ, किरण कुठे? आणि माझ्या तोंडून निघालं की तो पायवाटेने येतोय, मला सांगून गेलाय. बावीस माणसांपुढे माझी मोजणी चुकली हे मला म्हणवलं नाही. वाटलं, येईलच, त्याला वाट माहीत आहे. वना म्हणालाही की या पावसात पायवाट बंद असते. मी त्याला गप्प केलं. तासभर आम्ही तिथे चहा पीत थांबलो. दोरखंड गाडीतच होता. लगेच मागे फिरलो असतो तर पाणी चढायच्या आत पोचलो असतो. बाप मोजल्याशिवाय निघणार नाही याची किरणला खात्री होती. तो पलीकडे उभा राहून आम्ही दिसायची वाट बघत राहिला असणार.

विधी चार सप्टेंबरला ठरला आहे. यंदा गणपती बसवणार नाही. त्याआधी मी दिपमालाला सगळं सांगणार आहे. ती त्याच्यावर फुकट चिडली आहे आणि ते मी रोज ऐकतो आहे. काल स्वयंपाकघरात गेलो, तिला बस म्हणालो. ती बसली. मग मी नुसतं पाणी मागून परत आलो. आबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तूच वडीलधारी. तू सांग म्हणालीस की सांगतो. तू लिहिशील तसं करीन.

तुझ्या उत्तराची वाट बघतो.

तुझा,
अमृत


सोनगीर,
दि. २९ ऑगस्ट २०२५

चि. अमृत यास,
अक्काचे आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. हेही वाचून झालं की जाळ.

तू केलंस ते वाईट केलंस. लहानपणीही हरलास की सोंगट्या उधळायचास. पण आता सांगून काय होणार आहे? वनाला तू किरण समजून मोजलंस, तोंड राखायला खोटं बोललास, तासभर घालवलास, हे तिला कळलं तर किरण परत येणार नाही. ती मात्र जाईल. तुझी बायको गेली, पोरगा गेला, आता सून गेली तर तुझ्याकडे माणूस म्हणून कोणी उरणार नाही. अडुसष्टाव्या वर्षी तुझ्या ताटात भाकरी कोण वाढणार? मी इथे लंगडी पडले आहे.

नवऱ्यावरचा राग चार महिन्यांत निवतो. सासऱ्यावरचा निवत नाही. चिडू दे तिला किरणवर. मेलेल्याला राग लागत नाही. सगळंच सांगायचं नसतं. आपली माय म्हणायची ते आठव, “बठ्ठं सांगानं नै र्‍हास.” मी तुझी बहीण आहे, मला तुझंच बघितलं पाहिजे.

विधी नीट कर. गप्प राहा. पाप लागायचं असेल तर अर्धं माझ्या नावावर.

डोळ्यांना आता नीट दिसत नाही. पाकीट चिकटवून प्रेमराजच्या हाती देते, पत्ता तो घालील.

तुझी,
अक्का


भुसावळ,
दि. १८ सप्टेंबर २०२५

ती. अक्काआत्यांस,
दिपमालाचा नमस्कार.

तुमच्या पाकिटावर घरचाच पत्ता होता. प्रेमराजभाऊंचं अक्षर मी ओळखते, ते नेहमी घालतात तोच पत्ता त्यांनी घातला होता. एक तारखेला सकाळी पोस्टमन आला तेव्हा बाबा शालिग्रामकाकांबरोबर पळसाची पानं आणायला डोंगरात गेले होते. मी दारातच पत्र फोडलं. वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं म्हणून मनातच वाचलं. मग तीन वेळा वाचलं.

दुपारी दुसरं पाकीट आणलं, प्रेमराजभाऊंच्या अक्षरासारखा पत्ता घातला, जुन्या पाकिटाचं तिकीट वाफेवर काढून त्यावर लावलं आणि बाबांच्या टेबलावर ठेवलं. मला काय करायचं होतं ते सांगते. आदल्या आठवड्यात ते स्वयंपाकघरात येऊन मला बस म्हणाले होते आणि पाणी मागून गेले होते. तेव्हा मला वाटलं, त्यांना बरं वाटत नसेल. पत्र वाचल्यावर समजलं की ते तोंड उघडायला आले होते. म्हणून ठरवलं की पत्र त्यांना मिळू दे. तुम्ही नको म्हटल्यावरही ते सांगतात का ते बघू. सांगितलं असतं तर मी त्यांना नाही नाही ते बोलले असते. भांडी आपटली असती. पण राहिले असते आत्या, हे मी देवाशपथ लिहिते. बापाचा जीव किती कातरला असेल हे मला कळत नाही असं नाही.

संध्याकाळी ते पानांची दोन पोती घेऊन आले. टेबलावर पाकीट बघून दचकले आणि मला विचारलं, हे कधी आलं? मी म्हटलं, आताच आलं, फोडलं नाही, तुमची वाट बघत होते. ते आत गेले, दार लावलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन पत्र बंबात घातलं. मला म्हणाले की अक्काची तब्येत बरी आहे, तुला आशीर्वाद सांगितले आहेत. त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले. वीस जुलैपासून पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी दुपारी इतके गाढ झोपले की शालिग्रामकाका दोनदा येऊन परत गेले.

विधी झाला. गुरुजींनी दर्भाने बांधून पानांचा माणूस केला. नदीकाठी अग्नी द्यायच्या आधी ते म्हणाले, घरच्यांनी काही बोललं-चुकलं असेल तर मनात क्षमा मागा. मी किरणची क्षमा मागितली. मी त्याला दीड महिना काय काय बोलले होते ते त्याला एकेक करून सांगितलं. बाबा माझ्या शेजारी हात जोडून उभे होते. पानं जळून संपेपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आता घरी फोटोपुढे दिवा मीच लावते. माझा राग निवला म्हणून बाबा शेजारी समाधानाने सांगतात.

रविवारी माझे वडील मला धुळ्याला न्यायला येणार आहेत. तिथल्या शाळेत जागा आहे. बाबा सगळ्यांना सांगतात की पोरगी तरुण आहे, तिने इथे कशाला झिजायचं. माझ्या वडिलांना त्यांनी फोनवर दुसऱ्या लग्नाचंही सुचवलं. वडील म्हणाले, असा सासरा शोधून सापडायचा नाही.

तुम्ही लिहिलं होतं की सून गेली तर त्यांच्याकडे माणूस म्हणून कोणी उरणार नाही. ते खरं आहे. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, सकाळची पांढरी आणि रात्रीची पिवळी. डबा देणाऱ्या बाईंशी बोलून ठेवलं आहे. त्या मीठ जास्त घालतात, त्यांना मी सांगितलं आहे, तुम्हीही पत्रात बाबांना मीठ कमी खायची आठवण करून द्या.

मला कळलं आहे हे त्यांना कळवू नका. आता त्यांनी सांगितलं तरी मला ऐकायचं नाही. त्यांना झोप लागते आहे, लागू दे.

मला उत्तर पाठवायची तसदी घेऊ नये.

तुमच्या किरणची,
दिपमाला